सर्वोत्तम ध्वनी

४ फेब्रुवारी

आज फेस्टिव्हलची ट्रॉफी आली. तिची खरी किंमत इथे मांडून ठेवतो, कारण उद्या कुणी विचारलं तर मी "सन्मानानं घरपोच आली" असंच सांगणार आहे.

प्रवेश फी : अर्ध्या हॉर्सपॉवरच्या दोन पंपांच्या रिवाइंडिंगची मजुरी. ध्वनीसाठी वेगळा विचार व्हावा म्हणून जादा फी : आणखी एक पंप. जिंकल्यावर ट्रॉफी हातात हवी असेल तर तिची घडणावळ : दोन पंप. पाठवणावळ : एक. एकूण सहा पंप, म्हणजे माझ्या दोन माणसांचे तीन दिवस. वर्कशॉपात तांबं मोजायचा काटा आहे, त्यावर ठेवून पाहिली. दोनशे दहा ग्रॅम. तांबं शून्य, पितळ शून्य. जड वाटावी म्हणून बुडाशी वाळू भरलीय. हलवली की खुळखुळते.

बायकोनं खोक्यातून काढली, उलटीसुलटी केली. "अहो, हिच्यात ठेवायचं काय?"

"काही नाही. ही नुसती बघायची."

"आणि पुसायची कुणी?"

ही वही नवी आहे. मुलाखतीत विचारतात म्हणे, "सर, तुम्ही दैनंदिनी लिहिता का?" म्हणून सुरू केली. तेव्हा एकदाच लिहून ठेवतो. मी मोटरी दुरुस्त करणारा माणूस. बाराव्या वर्षी वस्तादांच्या दुकानात झाडू मारायला लागलो, विसाव्या वर्षी तारा गुंडाळायला, आणि आज स्वतःच्या वर्कशॉपात नऊ माणसं आहेत. गेल्या वर्षी वस्तादांवर चौदा मिनिटांचा चित्रपट केला. नाव 'कान'. सगळ्यांनी सोडून दिलेली एक मोटर वस्ताद दुरुस्त करतात, एवढीच गोष्ट. पेचकसाचं टोक मोटरीला, मूठ कानाच्या हाडाला, डोळे मिटलेले. आत काय बिघडलंय ते असंच ऐकायचं असतं. संवाद एकही नाही. सगळा आवाजांचा खेळ. ते आवाज माझ्या लेकीनं टिपले. ती दुसऱ्या शहरात ध्वनिमुद्रणाचं काम करते.

आजवर एकोणीस फेस्टिव्हलांत निवड, त्यात सात वेळा सर्वोत्तम ध्वनी. प्रत्येक फेस्टिव्हलवाला पानांच्या दोन फांद्यांचं चित्र पाठवतो, ते पोस्टरवर लावायचं. पोस्टरवर आधी वस्तादांचा चेहरा होता. आता पाला आहे, आणि त्यातून एक कान दिसतो.

६ फेब्रुवारी

दुपारी लेकीला फोन.

"पोरी, आठवं येतंय बघ. परवाच्या ट्रॉफीवाल्यांच्या वार्षिक सोहळ्याला नाव गेलंय. सर्वोत्तम ध्वनी."

"अरे वा. कुणाच्या नावावर?"

"आपल्याच की."

"आपल्या म्हणजे?"

समजावून सांगितलं तिला. ट्रॉफीवर एकच नाव कोरतात, दुसऱ्या नावाचे जादा घेतात. शिवाय फॉर्मातल्या ध्वनीच्या रकान्यात मी पहिल्यापासून माझंच नाव टाकत आलोय. कल्पना कुणाची? कान कुणाचा? तिनं माइक धरला हे खरं, तीन आठवडे धरला हेही खरं. पण घरच्या घरात कसल्या वेगवेगळ्या पाट्या लावायच्या?

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांना पाठवलेली फाइल एकदा पाहिलीत का?"

"मी? चौदाच्या चौदा मिनिटं पाठ आहेत मला!"

"बरं," म्हणाली आणि कामाचं सांगून फोन ठेवला. आवाज बसल्यासारखा वाटला. सर्दी असावी.

१३ फेब्रुवारी

वार्षिक सोहळ्याचं आमंत्रण आलं. संचालकाचा स्वतःचा फोन. हा माणूस फोटोत कायम काळ्या चष्म्यात असतो, म्हणून मी त्याला गॉगल म्हणतो. "सर, या वेळी चित्रपट पूर्ण दाखवणार. मोठा पडदा!" जेवणाच्या टेबलाचे पैसे वेगळे. मी म्हटलं, दोन खुर्च्या.

संध्याकाळी वस्तादांकडे गेलो. ऐंशी पार केलीय, पण बसण्याची ऐट तीच. "माझं तोंड केवढं दिसेल रे पडद्यावर?"

"भिंतीएवढं, वस्ताद."

"मग दाढी करून घेतो."

"अहो, ते शूटिंग मागच्या वर्षीचं आहे. आता दाढी करून पडद्यावर काय फरक पडणार?"

"तुझा पडदा तुला लखलाभ. माणसं मला बघणार नाहीत का?"

बायकोलाही विचारलं. म्हणाली, "मी काय करू तिथे येऊन? तुमचं तुम्ही बघा."

२२ फेब्रुवारी

कालचा सोहळा. लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. लिहितोच.

हॉटेलचं तळघर. गालिच्याला ओलसर वास. दारातच प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा अडकवत होते आणि पट्ट्यावर लिहिलेलं 'दिग्दर्शक'. नजर फिरवली तर सगळेच दिग्दर्शक. सत्तर-ऐंशी माणसांत प्रेक्षक म्हणून आलेले एकटे माझे वस्ताद, त्यांनाही दिग्दर्शकाचा पट्टा. काढून ठेवायला लागले तर दारातली मुलगी म्हणाली, "आजोबा, असू द्या, त्याशिवाय जेवण मिळणार नाही."

गॉगल तळघरातही गॉगलमध्येच. मिठी मारली. "सर, तुमची फिल्म म्हणजे अनुभव आहे, अनुभव!"

"कुठला भाग आवडला?"

"सर, एक भाग कसा निवडणार? आईला विचारल्यासारखं झालं हे, कुठलं पोर आवडतं!"

बोलता बोलता त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे. त्यालाही मिठी, त्यालाही अनुभव.

माझे कान हे असे. कुजबुज ऐकू येते ती न ऐकण्याची सोय नाही. मागच्या टेबलावर दोघं बोलत होते. "तू किती भरलेस?" "मी सुरुवातीच्या सवलतीत भरले." "वेड्या, आधी कुठे घासाघीस करतात? आपण जिंकलो असं कळलं की मग करायची. तेव्हा ते अडलेले असतात, ट्रॉफीवर नाव कोरून झालेलं असतं." दोघंही हसले. दोघंही आमच्यासारखेच विजेते.

पावणेसातला 'कान' लागला. ताटं मांडायचं काम नेमकं तेव्हाच काढलेलं. पडद्यावर वस्तादांचा चेहरा खरंच भिंतीएवढा. वस्ताद पुढे झुकले. आणि आवाज नाही. आधी वाटलं, सुरुवातीचा शांत भाग असेल. पण आमच्या चित्रपटात सुरुवातीला शांत भाग नाहीच, शटर वर जाण्याच्या खडखडाटानं सुरू होतो तो. ऐकू येत होते ते चमचे.

उठून मागे गेलो. मशीनवर एक चाळिशीच्या बाई, गळ्यात हेडफोन. म्हटलं, "बाई, तुमचा स्पीकर गेलाय."

"स्पीकर ठीक आहे. तुमच्या फाइलमध्येच आवाज नाही."

"अहो, मी पंचवीस पावलांवरून मोटरची बेअरिंग ओळखतो. स्पीकर गेलाय."

त्यांनी दुसऱ्या कुणाच्या चित्रपटाचा तुकडा लावला. हॉल दणाणला, एक वाढपी दचकला. मग परत माझा लावला. परत चमचे.

"तार हलली असेल," म्हटलं.

"असेल," बाई म्हणाल्या. असल्या नोकरीत मीही तेच म्हटलं असतं.

नवव्या मिनिटाला गॉगलनं मंचावरून हात केला आणि चित्रपट बंद. बक्षिसांची वेळ झाली होती. सर्वोत्तम ध्वनी, वार्षिक : मी. मानपत्र वाचलं. "या कलाकृतीतली शांतता बोलते, आणि ती बोलकी शांतता प्रेक्षकाला अंतर्मुख करते." मनात म्हटलं, शांतता कुठली काढली यांनी, आमच्याकडे तर सारखं खडखड-घरघर आहे. पण मोठ्या लोकांची भाषा असेल. माइक हातात आला की माझी जीभ सैल सुटते. म्हणालो, "घरचा प्रेक्षक सगळ्यात कडक. माझ्या बायकोला हा चित्रपट पहिल्या क्षणापासून शेवटापर्यंत पाठ आहे. आणि तरी दरवेळी शेवटाला तिच्या डोळ्यांत पाणी येतं." टाळ्या पडल्या. सर्वांत जास्त टाळ्या मलाच पडल्या, हे नोंदवून ठेवतो.

माझ्यानंतर दगडाच्या खाणीत सुरुंग लावणाऱ्यांवर चित्रपट केलेला एक जण गेला. सर्वोत्तम छायाचित्रण. मानपत्र : "या कलाकृतीतली शांतता बोलते, आणि ती बोलकी शांतता..." अक्षर न् अक्षर तेच. सुरुंग! हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. ज्याला त्याला आपला नंबर कधी येतो याची पडली होती.

परत येताना टॅक्सीत वस्तादांनी गळ्यातला पट्टा काढून मांडीवर ठेवला. मग विचारलं, "बक्षीस कशाचं दिलं म्हणालास?"

"आवाजाचं."

"हं." मग बाहेर बघत, "माझ्या मोटरीचा आवाज काही ऐकू आला नाही बुवा. माझा कान गेला म्हणायचा."

"नाही हो. त्यांचा स्पीकर गेला होता."

"मग ठीक आहे," म्हणाले. दाढी केलेल्या गालावरून हात फिरवत राहिले.

२४ फेब्रुवारी

फाइल एकदा बघायची होती. वेळ मिळाला नाही. आज तसं विशेष काम नव्हतं.

२७ फेब्रुवारी

आजही नाही. एका गिऱ्हाइकाला पोस्टर दाखवून पाऊण तास बोललो, त्यात दुपार गेली.

२ मार्च

टपालानं पत्र. साधं, हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट. कुठल्या तरी छोट्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. वर्षातून एकदा दोन दिवस लघुपट दाखवतात. फी नाही, ट्रॉफी नाही, बक्षीस नाही. गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून 'कान' तिथे पाठवला होता आणि फुकटात काय असणार म्हणून विसरून गेलो होतो. पत्र तिथल्या ग्रंथपालबाईंचं. उतरवून ठेवतो :

"आपला चित्रपट आम्ही पाच जणांनी दोनदा पाहिला. पहिल्यांदा आमचंच यंत्र बिघडलं असं समजून दुसऱ्या यंत्रावर पाहिला. आपण पाठवलेल्या फाइलमध्ये ध्वनी अजिबात नाही. एक म्हातारा माणूस कानाला पेचकस लावून चौदा मिनिटं ऐकतो आहे आणि आम्हांला काहीच ऐकू येत नाही, हे आपल्या मनात असेल असं वाटत नाही. पूर्ण फाइल बारा तारखेपर्यंत पाठवावी, कारण चित्रपट आम्हांला दाखवायचा आहे. शिवाय ध्वनिमुद्रण कोणी केलं ते कळवावं. फॉर्मात दिग्दर्शन, निर्मिती, संकल्पना, संकलन आणि ध्वनी या सर्व ठिकाणी एकच नाव आहे, ते घाईत लिहिलं गेलं असावं."

घाईत!

ऑफिसात गेलो. आमच्या कॉम्प्युटरला स्पीकर नाही. लागतच नाही, बाहेर नऊ माणसं मोटरी फिरवतात. एका कामगाराचा हेडफोन मागून लावला. चित्रपट सुरू केला. आधी वाटलं, हेडफोन गेला. मग वाटलं, कान गेला. टेबलावर टिचकी मारली. टिचकी व्यवस्थित ऐकू आली.

झालं असं. लेकीनं मला पेन ड्राइव्ह दिला होता, त्यात दोन फाइली. एक 'कान चित्र अंतिम', दुसरी 'कान पूर्ण'. चित्रपटाच्या कामात नुसतं चित्र आधी पक्कं करतात आणि आवाजाचं काम त्यावर नंतर चढवतात. पहिली फाइल ती. मुकी. मी 'अंतिम' शब्द वाचला आणि सगळीकडे तीच पाठवली. लेक फोनवर सांगत होती कुठली पाठवायची ते. मी म्हटलं होतं, "मला शिकवू नकोस, तुझ्या जन्माआधीपासून धंदा करतोय."

आणि पाठवून झाल्यावर बघितली तीही याच खुर्चीत, हेडफोनशिवाय. बाहेर खऱ्या मोटरी घरघरत होत्या. मी त्याच ऐकत बसलो असणार.

एकोणीस फेस्टिव्हल. सर्वोत्तम ध्वनी आठ वेळा. मुक्या चित्रपटाला! एकालाही वाटलं नाही की अरे, हे काय. पेल्यात माशी सापडली तर माणूस पेला ओततो. मी सबंध वर्षभर माशांचाच रस पीत होतो आणि वर मिशी पुसून ढेकर देत होतो.

३ मार्च

गॉगलला फोन लावला. म्हटलं बघू तरी, लाजेचा काही अंश शिल्लक आहे का.

"माझ्या चित्रपटाला आवाजच नव्हता, साहेब. चुकून मुकी फाइल गेली."

"सर! म्हणजे तुम्ही प्रयोगच केलात की!"

"प्रयोग नाही. चूक."

"सर, चुकीतूनच प्रयोग होतो. आमच्या परीक्षकांनी बरोब्बर ती शांतता पकडली बघा. असं करू, तुम्हांला ध्वनीतून काढून 'सर्वोत्तम प्रयोगशील' मध्ये टाकतो. तो मानाचा गट आहे. थोडा फरक भरावा लागेल."

"परीक्षक कोण आहेत तुमचे?"

"गोपनीय असतं सर ते. पण आंतरराष्ट्रीय."

"त्यांनी चित्रपट पाहिला?"

"सर," तो समजुतीनं म्हणाला, पोराला समजवावं तसा, "सगळेच सगळे चित्रपट पाहायला लागले तर फेस्टिव्हल चालवायचा कुणी?"

फोन ठेवल्यावर हात धुतले. साबण लावून. खरं सांगायचं तर त्या माणसाची शिसारी येते म्हणावं, पण तो दुकान मांडून बसलाय, दुकानदाराला गिऱ्हाइकानं काय शिव्या द्यायच्या. आठ वेळा पिशवी घेऊन दारात उभा कोण होता?

५ मार्च

लेकीकडे गेलो. बसनं चार तास. न कळवता गेलो, कळवलं असतं तर तिनं काम काढलं असतं.

एकच खोली. भिंतीला जुन्या गाद्या टेकवलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. माइक मोज्यांत घालून ठेवलेले. एक मोजा माझा होता, भोक पडलेला, मी शोधत होतो तो.

पाणी दिलं. बसायला सांगितलं. सांगून टाकलं सगळं. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर नवल नाही.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या बक्षिसापासून. त्या फेस्टिव्हलच्या वेबपानावर तुकडा टाकला होता, तो मुका होता."

"मग सांगायचंस ना!"

"विचारलं की. फाइल पाहिलीत का म्हणून."

"असं आडून कशाला? सरळ सांगायचंस."

"सरळ सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, स्पीकर गेलाय."

मी माझ्या मोज्याकडे बघत बसलो.

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली, तीही तशीच, आवाज न चढवता. जानेवारीत एका बाईंना माहितीपटासाठी ध्वनिमुद्रक हवी होती. मोठं काम, पाच महिन्यांचं. ही म्हणाली, 'कान' बघा, ते माझं काम आहे. बाईंनी शोधलं. जिथे जाईल तिथे ध्वनीपुढे माझं नाव, सात सात पुरस्कारांसह. बाईंनी फोन करून विचारलं, "वडिलांचं काम स्वतःचं म्हणून सांगतेस?"

"मग?"

"मग काय. दुसरी घेतली त्यांनी."

"मी बोलतो त्या बाईंशी. आत्ता लाव फोन."

"नको बाबा. तुम्ही बोलायला लागलात की परत तुमचंच होतं सगळं."

तिनं मोठे हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले आणि 'कान पूर्ण' लावला. मध्ये बोलायचं नाही, म्हणाली. चौदा मिनिटं बोललो नाही. शटर. तांब्याची तार कापडातून ओढली जाते तेव्हाचा कुरकुर आवाज. वॉर्निशचा थेंब पत्र्यावर. पेचकस मोटरीला टेकल्यावर तर आपण वस्तादांच्या कवटीच्या आत जाऊन बसतो. हे कसं केलं असेल ते मला चाळीस वर्षांच्या धंद्यानंतरही सांगता येत नाही. मागच्या वर्षी तिनं ऐकवलं होतं तेव्हा मी काय करत होतो कुणास ठाऊक. बहुतेक बोलत होतो.

आठव्या मिनिटाला मागे कुणीतरी बारीक गुणगुणत होतं.

"हा कोण?"

"तुम्ही. रॅकच्या मागे उभे होतात. शूटिंग चालू असताना."

"मी नाही गुणगुणत."

तिनं तेवढाच तुकडा परत लावला. मग म्हणाली, "काढायला तीन दिवस गेले असते. राहू दिलं. कारखान्यात कुणीतरी गुणगुणतंच."

निघताना म्हटलं, काय करू सांग. म्हणाली, एकोणीसच्या एकोणीस जणांना लिहा. नाव बदला आणि बक्षीस परत घ्या म्हणून कळवा. मी म्हटलं, अगं एवढं कशाला, लोक हसतील. म्हणाली, "मग वाचनालयाला मी फाइल देणार नाही. माझ्याकडे एकच प्रत आहे आता, तुमच्या पेन ड्राइव्हवरची तुम्ही पुसली असेल."

पुसली होती. त्यात पावत्या भरल्या होत्या.

९ मार्च

एकोणीस पत्रं लिहिली. पहिलं लिहायला दोन दिवस लागले, उरलेली अठरा तासाभरात. लाज एकदा सुटली की पातळ होते.

"माझ्या चित्रपटाला ध्वनी नसताना आपण तो निवडला आहे. तसंच ध्वनिकार म्हणून मी माझं नाव दिलं ते खोटं आहे. ते काम माझ्या मुलीचं आहे. पुरस्कार दिला असल्यास रद्द करावा." प्रत लेकीला.

आजपर्यंत तीन उत्तरं. एकानं अभिनंदन केलंय. दुसऱ्यानं पुढच्या सीझनला चाळीस टक्के सवलत देऊ केलीय. तिसऱ्यानं विचारलंय, मुलीच्या नावाची वेगळी ट्रॉफी हवी का.

लेकीनं संध्याकाळी फाइल थेट वाचनालयाला पाठवली. मला फक्त निरोप : "गेली."

१६ मार्च

ट्रॉफ्या भंगारवाल्याला दाखवल्या. माझ्याकडचं तांबं वर्षानुवर्षं तोच नेतो. त्यानं एकेक हातात घेऊन नखानं खरवडली.

"शेठ, ह्या कशात धरू? धातू नाही, काच नाही, प्लास्टिक म्हणावं तर वर रंग."

"फुकट ने."

"फुकट नेऊन ठेवू कुठे?"

माणसं हसली. मीही हसलो, माझ्याच दारात आणखी काय करणार. वाळू काढून घेतली, ती पॉलिशच्या कामाला येईल. बाकी अजून कोपऱ्यात पडलंय. येता-जाता दिसतं आणि दर खेपेला तोंडात कडू येतं. पोस्टर काढून टाकलं. खाली भिंतीचा चौकोन पांढरा राहिलाय.

त्या माहितीपटवाल्या बाईंना पत्र लिहिलं होतं, ते पाठवलं नाही. लेकीला आधी विचारलं. म्हणाली, "मला दाखवा." तिनं चार पानांच्या सहा ओळी केल्या आणि स्वतःच पाठवल्या. बाईंचं उत्तर आलं की पुढच्या वेळी लक्षात ठेवू. या वेळचं काम गेलं ते गेलंच.

२८ मार्च

वाचनालय. वर्तमानपत्रं वाचायच्या खोलीत लाकडी खुर्च्या, भिंतीला ताणून बांधलेला पांढरा कपडा. पस्तीस-चाळीस माणसं. पट्टे नाहीत. दारात ग्रंथपालबाई, साठीच्या, बोटाला शाई. मी ओळख करून दिली तर म्हणाल्या, "हो हो, या. मुलगी आली आहे का तुमची? त्यांना भेटायचंय."

पत्रक छापलं होतं. ध्वनी : लेकीचं नाव, आडनावासकट. मोटर दुरुस्ती : वस्तादांचं. माझं होतं, पण जिथे हवं तिथेच, एका जागी. खाली ओळ : "आवाजांत गुणगुणणारे : दिग्दर्शक." ही कुणाची खोडी ते विचारायची गरज नव्हती.

या वेळी बायकोला लेकीनं आणलं. मी विचारलं असतं तर आली नसती.

शटर वर गेलं आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी दचकून मागे दाराकडे पाहिलं. चौदा मिनिटं खोलीत कुणी खोकलं नाही. वस्तादांनी पेचकस टेकवला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या वस्तादांनी डोळे मिटून घेतले आणि मान कलती केली. स्वतःलाच ऐकत होते. शेवटी मोटर फिरली तेव्हा पुटपुटले, "मागची बेअरिंग अजून थोडी कोरडी आहे."

"ती मोटर वर्षभर चालतेय, वस्ताद."

"चालू दे की. कोरडी ती कोरडीच."

नंतर प्रश्न. मी खुर्चीत जरा सावरून बसलो होतो, सवय. पहिला प्रश्न एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा : कवटीच्या आतला तो आवाज कसा घेतला? लेक उभी राहिली. पेचकसाच्या मुठीला बारीक माइक कसा बांधला, वस्तादांच्या गालाला दुसरा कसा चिकटवला, बारा मोटरींवरचं मुद्रण वाया गेलं तेव्हा तेरावीनं कसं ऐकवलं. मला या तेरा मोटरींची गोष्ट माहीतच नव्हती. वर्कशॉपात घडली होती. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. माझ्या वाट्याला एकच प्रश्न आला, कॅमेऱ्यासाठी दिवे भाड्यानं आणले की स्वतःचे. भाड्यानं.

लेकीनं वस्तादांना हात धरून पायऱ्या उतरवल्या, आईच्या गळ्यात पडली, मला म्हणाली, "बसमध्ये खिडकी लावून बसा, वारं लागतं तुम्हांला." माझ्याशी अजून मोजूनच बोलते. तिची बस वेगळी होती.

वस्ताद पुढच्या सीटवर झोपले. बायको माझ्या शेजारी, पिशवी मांडीवर. बस गावाबाहेर पडली. मग म्हणाली, "मला वाटलं, ती मोटर आता काही फिरत नाही. जीव नुसता टांगणीला लागला होता."

"म्हणजे? तुला शेवट माहीत नव्हता?"

"कसा असणार? तुम्ही दाखवायला बसवायचात, आणि दोन मिनिटं झाली न झाली की थांबवून समजावून सांगायला लागायचात. दोन मिनिटांच्या पुढचा मी आजच पाहिला."